ताट पुढ्यात ठेवून बसलेली आक्का

रामकृष्ण हरी, मायबाप! बसा, बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढं सरका, पुढं जागा आहे — लग्नात पहिल्या रांगेत धावता, आणि कीर्तनात पुढं बसायला लाजता! आणि तो कुणाचा मोबाईल वाजतोय? बंद करा. नाही, थांबा, राहू दे. आजची गोष्ट त्याच्यातलीच आहे.

आज काल्याचं कीर्तन. काल्याला कृष्णाचंच चरित्र सांगायचं, हा दंडक. यमुनेकाठी गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, सगळं एकत्र कालवलं, आणि देव त्यांच्यात बसून जेवला. माझे गुरू हेच सांगायचे, मीही तेवीस वर्षं हेच सांगत आलो. पण मंडळी, या तेवीस वर्षांत एक साधा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नाही. या वर्षी आला.

त्या शिदोऱ्या बांधल्या कुणी?

गोपाळांच्या आयांनी! अंधारात उठल्या, दळलं, थापलं, बांधून दिलं. पोरं गेली, देवासंगं जेवली, उद्धरली. पण त्या आया? त्या जेवल्या का हो? कुणी विचारलं? मी पोथ्या चाळल्या, मला तरी कुठं सापडलं नाही. म्हणून आज तुम्हालाच विचारतो. ज्यानं आपल्याला जेवू घातलं तो जेवला की नाही, हे न बघता आपण हात धुऊन उठतो — ही नुसती सवय आहे, की पाप आहे?

लगेच उत्तर देऊ नका. उत्तर देण्याची घाई असणारी माणसं मला मंत्रालयात पुष्कळ भेटतात. आधी ऐका.

गेल्या माघात गडहिंग्लजला सप्ताह होता. कीर्तन आटोपून मी बसलोय, तर एक पोरगा आला. तीस-बत्तिशीचा, दाढी वाढलेली, शर्ट खांद्यावर लोंबतोय. पाया पडला आणि उठेचना! मी म्हटलं, "अरे, ऊठ बाबा. नाव काय तुझं?"

"देवदत्त खैरनार. सटाण्याचा. पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो." आणि मग म्हणाला, "महाराज, माझ्या हातनं एक बाई उपाशी मेली."

मी म्हटलं, बस. पाणी पी. पहिल्यापासून सांग.

त्यानं सांगितलं ते असं.

हा देवदत्त एकुलता. वडील लहानपणी गेले, आईनं शाळेत शिपायाचं काम करून वाढवला, इंजिनियर केला. घरात दोघंच. हा जेवायला बसला की आई समोर बसायची. तव्यावरची भाकरी थेट ताटात. "घे अजून. एवढ्यानं काय होतं? तोंड बघ किती उतरलंय." पुण्याला नोकरी लागली तरी दर शनिवारी हा सटाण्याला, आणि आई समोर. दोन वर्षांमागं ती आई गेली. शाळेतच चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नव्हतं.

आणि मंडळी, आई गेल्यावर ह्याचं जेवण सुटलं! डबा यायचा, उघडायचा, समोर भिंत. घास तोंडात घोळायचा, खाली उतरायचा नाही. अकरा किलो वजन उतरलं. तुम्ही म्हणाल, महाराज, ही सगळी पोटभरल्यांची नाटकं! असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा एकट्यानं, न बोलता, महिनाभर जेवून बघावं. मग माझ्याशी बोलावं.

त्याच्या खोलीत राजस नावाचा मित्र राहायचा, तोही त्याच कामातला. तो म्हणाला, "देव्या, तुझ्यासारखी लाखभर माणसं असतील. आपण त्यांची गाठ घालून देऊ." आणि दोघांनी नोकरी सांभाळून सात-आठ महिने खपून एक ॲप बनवलं. नाव ठेवलं — ताटाला ताट!

हसू नका, नाव चांगलं आहे. काय होतं त्यात? तुम्ही जेवायला बसलात की फोन समोर टेकवायचा, बटण दाबायचं. कुठंतरी दुसरं कुणी एकटं जेवायला बसलेलं असतं, त्याचा चेहरा आणि त्याचं ताट तुमच्या समोर. ओळख ना पाळख. जेवायचं, बोलायचं, हात धुवायचे, राम राम! ढाब्यावरचा ड्रायव्हर आणि दवाखान्यातली नर्स एका पंगतीला! म्हटलं, वा! हा तर काला झाला! पोरांनी पुण्य केलं म्हटलं!

म्हणा एकदा — विठ्ठल, विठ्ठल!

आता गोष्ट जाते आजऱ्याला. कोल्हापूरच्या खालच्या अंगाला, घाटाच्या तोंडाशी आजरा. तिथं एका गल्लीत वेणूआक्का नावाच्या बाई. वय सत्तरीच्या पुढं. नवरा एस.टी.त ड्रायव्हर होता, निवृत्त होऊन घरी बसलेला. पोरबाळ नाही. आक्कांचा जन्मभराचा नेम एकच — आधी नवरा जेवणार, मग आक्का त्याच ताटात वाढून घेणार. त्याची गाडी दुपारी तीनला आली, तर आक्का साडेतीनला. गाडी घाटात अडकली, तर आक्का उपाशी. कुणी लावला हा नेम? कुणी नाही! त्यांच्या आईनं असंच केलं, सासूनं असंच केलं. बाईला कुणी शिकवलं नव्हतं, आणि कुणी "सोड" म्हणूनही सांगितलं नव्हतं.

तो नवरा वारला. आक्का भात शिजवायच्या, ताट वाढायच्या, आणि बसून राहायच्या. शेजारी नसीमा म्हणून अंगणवाडीताई. ती रोज डोकवायची. "आक्का, जेवला काय?"

"कुणी जेवलंच न्हाई गं अजून घरात. मी कशी जेवू?"

बाईला वेड लागलं नव्हतं, मंडळी! व्यवहाराला पक्की होती. पण हात घासाकडं जायचाच नाही. नसीमा बिचारी आपलं ताट घेऊन यायची, त्यांच्यासमोर बसून खायची. तर आक्का म्हणायच्या, "तू घरात जेवून आलियास. माझ्यासाठनं परत खातियास. मला कळत न्हाई व्हय?" वाढण्यात आयुष्य गेलेल्या बाईला खरी भूक आणि खोटी भूक लगेच कळते. तिला फसवता येत नाही.

मग ह्या नसीमाच्या फोनवर ते ॲप आलं. तिनं आपला जुना फोन आक्कांना दिला, पाटावर तांब्याला टेकवून ठेवला, बटण दाबलं — आणि समोर एक माणूस! पत्र्याच्या शेडखाली, हातात वडापाव! आक्का दचकल्या, पदर सावरला, आणि पहिलं वाक्य काय बोलल्या? "आरं बाळा, एवढंच? भात न्हाई काय घेतलास?"

महिनाभर, मंडळी, महिनाभर त्या बाईच्या घरात रोज दुपारी बारा वाजता पाहुणा! आक्का आपलं ताट वाढून पुढ्यात ठेवायच्या, झाकून. पाहुण्याला विचारून विचारून जेवू घालायच्या. त्याला वाढता तर येत नाही, मग तोंडानंच वाढायच्या! "आमटी सुकली बघ तुझी. घे की अजून." आणि त्याचं झालं, त्यानं हात धुतले, की हसून म्हणायच्या, "बस थोडा वेळ, बोल काहीतरी." मग तो बोलायचा, आणि आक्का ताटावरचं झाकण काढून जेवायच्या. खरंखुरं, पोटभर! नसीमानं पुढं देवदत्तला सांगितलं, आक्कांच्या गालावर तकाकी आली होती.

इथंच गोष्ट संपली असती, तर मी तुम्हाला प्रसाद वाटून घरी पाठवलं असतं. पण संपत नाही.

जिथं माणसं जमतात तिथं घाण येतेच. ह्या ॲपवर काही नालायक यायला लागले. जेवायला नव्हे! समोर कुणी मुलगी जेवत असली की टक लावून बघत बसायचे. ताट नाही, घास नाही, नुसते डोळे! नागपूरच्या एका पोरीनं रडत तक्रार केली. देवदत्त आणि राजसला वाईट वाटलं, राग आला, आणि त्यांनी नियम केला. आता यंत्रच ताटावर लक्ष ठेवणार. पाच मिनिटांत ज्याचा हात तोंडाकडं गेला नाही, तो जेवायला आलेला नाही. भेट बंद! तीनदा असं झालं, की त्याला दार कायमचं बंद!

नियम वाईट होता का? तुम्ही असता तर दुसरं काय केलं असतं? मीही हेच केलं असतं! पोरीबाळींची अब्रू राखायला केलेला नियम. पण नियम करताना त्या दोन पोरांच्या मनात एकदाही आलं नाही, की जेवणाच्या वेळी समोर बसून न जेवणारं आणखी एक माणूस असतं. ते माणूस दोघांनीही जन्मभर पाहिलं होतं! रोज! दोन वेळा! आणि तरी आठवलं नाही.

नियम लागू झाला. आक्कांचं ताट झाकलेलं. फोनवर अक्षरं उमटली — कृपया जेवायला सुरुवात करा. आक्का सातवी शिकलेल्या, त्यांनी वाचलं आणि पाहुण्याला म्हणाल्या, "बघ, ते पण सांगतंय. लाजू नको, जेव!" आणि पडदा काळा! माणूस गेला!

आक्कांना काय वाटलं असेल? पाहुणा अर्ध्या ताटावरून उठला! शेतातली भांडणं असोत, मर्तिक असो, जेवणाऱ्याला ताटावरून उठवायचं नाही, अशा घरात वाढलेली ती बाई. तिच्यासमोरून माणूस भुकेला उठून गेला! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या रात्री आक्का नुसतं पाणी पिऊन झोपल्या.

तिसऱ्या दिवशी समोर कोण यावं?

देवदत्त! हो! ॲप नीट चालतंय का, हे बघायला तो स्वतः रोज जेवायला बसायचा. फोन लावला, तर समोर आजऱ्याची आक्का.

"कुठला रं तू?"

"सटाण्याचा, आजी."

"काय हाय ताटात?"

"वांग्याची भाजी, पोळी."

"मग वांगं तसंच का ठेवलंस? घे आधी. तोंड बघ किती उतरलंय."

पोराच्या हातातला घास थांबला, मंडळी! दोन वर्षांनी हे वाक्य कानावर पडलं होतं. त्यानं पोळीत वांगं घेतलं, खाल्लं, आणि घास उतरला! सरळ खाली उतरला! दुसरा घेतला. तिसरा घेतला. आक्का भीतभीत विचारतायत, "उठू नकोस हं बाळा, सगळं संपव." हा म्हणतोय, "नाही उठत, आजी." आणि पाच मिनिटं झाली. पडदा काळा. ह्याच्या फोनवर अक्षरं — समोरची व्यक्ती जेवत नसल्याने भेट थांबवली आहे.

आणि आक्कांच्या फोनवर? तिकडं अक्षरं वेगळी होती. आपण जेवणाच्या वेळी योग्य वर्तन केले नाही. आपला प्रवेश बंद करण्यात आला आहे.

साठ वर्षं माणसं जेवू घातली हो त्या बाईनं! आणि तिला हे वाचावं लागलं!

देवदत्त चरकला. राजसला म्हणाला, "अरे, ती आजी वाईट नव्हती. नियम सैल करू." राजस म्हणाला, "एका आजीसाठी सैल केलास, तर ती सगळी घाण परत आत येईल. आणि सोमवारी पैसे लावणाऱ्या मोठ्या लोकांना हे दाखवायचंय. त्यानंतर बघू." हा म्हणाला, बरं. बघू! काय शब्द आहे बघा. आपल्या घराघरात ह्या एका शब्दाखाली किती माणसं झिजून गेली, त्याची गणती नाही.

सोमवार गेला. त्यानंतरचाही गेला. तक्रारींच्या ढिगात एक पत्र येऊन पडलं होतं, त्याला यंत्रानंच उत्तर दिलं होतं, आपण नियम मोडला आहे म्हणून. एका दुपारी देवदत्तनं ते पत्र उघडलं. नसीमाचं होतं. तिनं लिहिलं होतं — "साहेब, आमच्या आक्का पाहुण्याच्या आधी जेवत नाहीत. त्यांचं ताट पुढ्यातच असतं, झाकलेलं. पाहुण्याचं झालं की त्या जेवतात. तुम्ही बंद केल्यापासून त्यांनी चूल पेटवलेली नाही. मी दिलेलं तसंच ठेवतात. रोज विचारतात, माझं काय चुकलं? मी काय सांगू?"

देवदत्त मला म्हणाला, "महाराज, ते वाचलं आणि मी आईला आठवायला लागलो. समोर बसलेली आई. तवा, भाकरी, तिचे हात, बांगड्या, सगळं दिसत होतं. पण तिचा हात तिच्या तोंडाकडं गेलेला काही आठवेना. मी रात्रभर प्रयत्न केला. तीस वर्षं तिच्याबरोबर काढली. मी तिला जेवताना एकदाही बघितलेलं नाही."

पखवाजवाले, थांबा जरा. हात नका लावू. हे असंच ऐकू द्या.

सकाळी पत्रातला पत्ता घेऊन त्यानं एस.टी. पकडली. कोल्हापूर, गडहिंग्लज, आजरा. दुपारी दारात उभा. नसीमानं आत नेलं. आक्का खाटेवर, चादरीखाली जणू कुणी नाहीच.

"आक्का, मी देवदत्त. वांगं खाणारा."

बाईनं ओळखलं! उठायची धडपड केली. "तू व्हय! अर्ध्या ताटावरनं उठलास रं बाळा. काय वंगाळ बोलले मी?"

तो खाटेशी गुडघ्यावर बसला. "मी उठलो नाही, आक्का. मी बसलोच होतो. तो पडदा बंद झाला. आणि तो बंद करायचा नियम मीच केलाय. जो जेवत नाही, त्याला बाहेर काढायचं, असा."

आक्का म्हणाल्या, "आधी पाव्हणा जेवतो रं. तुमच्याकडं कसं असतंय?"

"आमच्याकडंही तसंच असेल, आक्का. मी बघितलं नाही."

ह्यावर त्या बाईनं काय केलं? चिडली? शिव्या दिल्या? हात हलवून नसीमाला म्हणाली, "ह्याला वाढ गं. पोरगं लांबनं आलंय."

नसीमानं घरून डाळ-भात आणला. देवदत्त जेवला. रडत रडत जेवला. एक शीत ठेवलं नाही. आक्का कुशीवर होऊन त्याचा घासन् घास बघत होत्या. "पोट भरलं?" "भरलं." मग ह्यानं हात धुतले, मऊ भात कालवला, ताट खाटेवर ठेवलं. "आता तुम्ही."

आक्का संकोचल्या. "तू तिकडं तोंड कर. मला कुणी बघत असलं की खाता येत न्हाई."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. बसून राहिला. मागं ताटावर बोटांचा आवाज झाला. एक घास. बराच वेळ चघळणं. दुसरा घास. हा मनात मोजतोय, तिसऱ्याची वाट बघतोय. तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "पुरे."

मंडळी, मी कीर्तनकार. गोष्ट कशी वळवायची हे मला येतं. त्या दोन घासांनी बाईला उतार पडला, देव पावला, असं सांगितलं तर आत्ता इथं टाळ्या पडतील. पण मी खोटं सांगणार नाही. आक्कांना गडहिंग्लजच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुया लावल्या, नळ्या लावल्या, पण शरीरानं अन्न घ्यायचंच सोडलं होतं. नवव्या दिवशी त्या गेल्या. देवदत्त शेवटपर्यंत तिथंच होता. पुण्याला परतून त्यानं सगळ्यात आधी तो नियम काढला. नियम निघाला तशी ती टक लावणारी माणसं परत आली. महिन्याभरात ॲप बंद करावं लागलं.

एवढं सांगून तो पोरगा माझ्यासमोर बसला होता. मला वाटलं, आता प्रायश्चित्त विचारेल, नामाचा जप विचारेल. मी तयारच होतो, आमच्याकडे ते तयारच असतं! पण त्यानं विचारलं, "महाराज, माझी आई काय खात असेल, तुम्हाला काही अंदाज?"

मला कसला अंदाज असणार? मी माझ्या आईचा सांगू शकलो नाही! अहो, मी अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या पाटावर जेवलो. गावोगावी, घरोघरी. "महाराज, अजून एक पुरणपोळी." घेतली! "महाराज, तूप." घेतलं! आत किती उरलं, किती जणी राहिल्या, हे मी कधी वाकून बघितलं का? कधीच नाही! आणि वर आशीर्वाद देऊन आलो, अन्नदाता सुखी भव म्हणून! त्या देवदत्ताला पापी म्हणायला माझी जीभ वळली नाही. त्यानं यंत्राला शिकवलं, जो जेवत नाही त्याच्याकडं लक्ष देऊ नको. यंत्र नव्हतं, तेव्हा आपण तरी दुसरं काय करत होतो?

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्या. सवय की पाप? आणि उत्तर देण्याआधी हात वर करा — ज्यानं आपल्या आईला पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत जेवताना बघितलंय, त्यानंच. करा. मी थांबतो.

एक हात. दोन. त्यातला तुमचा खाली घ्या पाटील, तुम्ही नुसते डोकं खाजवताय.

बघा, दोनशे माणसांत एक हात! आणि तिकडं कनातीपलीकडं बघा. पहाटे चारपासून गावातल्या बायका चुलाणावर आहेत. चार पोती भात उपसलाय. धुरानं डोळे लाल झालेत. अहो मावशी! तुम्ही, पदर खोचलेल्या! हो, तुम्हीच. सकाळपासून पोटात काही गेलं का?

काय म्हणाल्या? मोठ्यानं बोला, ह्यांनाही ऐकू दे!

"तुमचं होऊ द्या की महाराज. मग आम्ही बसतोच."

ऐकलंत? ऐकलंत ना सगळ्यांनी? मावशी, आज माझं होणार नाही. तुमचं होईपर्यंत इथं एकाही पुरुषाचं होणार नाही, आणि ज्याला ते चालत नाही त्यानं खुशाल घरी जावं. आरतीही नंतर करू, देव थांबेल. टाळकरी, टाळ खाली ठेवा. पाटील, उठा. बाह्या वर करा, हात धुवा, आणि भाताची ती परात तुम्ही उचला, आमटीची बादली मी घेतो.